लंडन ते डार्विन : साडेएकोणीस दिवस

लंडन आणि डार्विन ही दोन शहरे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजली तर एकमेकांपासून सुमारे १३ हजार ८५० किलोमीटर दूर आहेत. डार्विन हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे बंदर. एरवी लंडनहून तिकडे जाणाऱ्याला वाटेत कुठे तरी विमान बदलावे लागते. पण २०२१ च्या नोव्हेंबरात, करोनाच्या निर्बंधांमुळे, क्वांटास कंपनीने आपले लंडनचे थेट विमान काही महिने पर्थऐवजी डार्विनहून सोडले आणि हे अंतर कुठेही न थांबता सतराएक तासांत कापले जाऊ लागले. प्रवाशाने दोन वेळा जेवावे, एक झोप काढावी, दोन-तीन चित्रपट पाहावेत, की तो पोहोचलाच.

याच दोन शहरांमधला प्रवास १९३० च्या मे महिन्यात २६ वर्षांच्या एका इंग्रज मुलीने एकटीने केला. तिला साडेएकोणीस दिवस लागले आणि तिने कापलेले अंतर भरले सुमारे १८ हजार किलोमीटर. म्हणजे गोलावरच्या दोऱ्यापेक्षा चार हजार किलोमीटर जास्त. अ‍ॅमी जॉन्सन हे तिचे नाव. त्या उन्हाळ्यात ते जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले, तिच्यावर गाणे रचले गेले, इंग्लंडच्या राजाने तिला किताब दिला. गंमत अशी, की जो विक्रम मोडायला ती निघाली होती तो तिच्याकडून मोडला गेलाच नव्हता.

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील हल या बंदरातला. हल म्हणजे मासळीचे गाव. अ‍ॅमीचे वडील मासळीचे मोठे व्यापारी. त्यांच्या पेढीचे मूळ डेन्मार्कहून आलेल्या आजोबांपर्यंत जाणारे. खाऊनपिऊन सुखी, देवभीरू, मध्यमवर्गीय कुटुंब. चार बहिणींत अ‍ॅमी थोरली. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली. त्या काळातल्या मुलीच्या दृष्टीने हे पुष्कळच झाले. पण पदवी घेऊन करायचे काय, याचे उत्तर विद्यापीठाने दिले नव्हते. टंकलेखन शिकून ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत सचिव म्हणून कामाला लागली.

या काळात तिच्या आयुष्यात एक स्वित्झर्लंडचा तरुण व्यावसायिक होता. अनेक वर्षांचा तो प्रेमसंबंध १९२८ मध्ये तुटला आणि त्याने दुसऱ्याच मुलीशी लग्न केले. विमानविद्येचे वेड तिला नेमके त्याच वर्षी लागले. हा प्रेमभंगावरचा उतारा होता, असे तिचे चरित्रकार सुचवतात. तसे असेलही. पण नुसत्या प्रेमभंगाने कुणी इंजिनाच्या तेलात हात बरबटून घेत नाही, असे मला वाटते. तिला त्या यंत्राचीच ओढ लागली असली पाहिजे.

लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन येथे एका उड्डाण मंडळाचे मैदान होते. ब्रिटिश सरकार त्या वेळी अशा मंडळांना अनुदान देत असे, त्यामुळे पगारी माणसालाही शिकवणीचे शुल्क कसेबसे परवडे. अ‍ॅमी सप्टेंबर १९२८ मध्ये तिथे दाखल झाली. ती जात्याच हुशार वैमानिक होती, असे मुळीच नव्हे. तिचे विमान जमिनीवर उतरे ते धाडकन. साधारण विद्यार्थी आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकटा उडे. हिला जवळजवळ सोळा तास लागले. १९२९ च्या जुलैत तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. ते वर्ष घरासाठी फार वाईट गेले, तिच्या पाठच्या बहिणीने आत्महत्या केली. अ‍ॅमी पुन्हा मैदानावर आली आणि तिने विमानांच्या गोठ्यातच मुक्काम ठोकला. मंडळाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती पहाटे कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर इंजिने खोलू-जोडू लागली. त्याच डिसेंबरात तिने विमान-यंत्रज्ञाचा परवाना मिळवला. हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पुढच्या सगळ्या कथेत हा दुसरा परवानाच पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडला.

विमान चालवून पोट भरायचे, हा तिचा निश्चय झाला होता. पण स्त्रीला वैमानिकाची नोकरी देणारे कुणी नव्हते. तेव्हा असे काही तरी करून दाखवायचे, की लोकांना नाही म्हणता येऊ नये. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ मध्ये इंग्लंडहून एकट्याने उडून साडेपंधरा दिवसांत डार्विन गाठले होते. एकट्या स्त्रीने ही वाट कधीच कापली नव्हती. अ‍ॅमीने ठरवले, आपण जायचे आणि हिंकलरच्या आधी पोहोचायचे. त्या वेळी तिच्या गाठीशी उड्डाणाचा अनुभव होता शंभरएक तासांचा. सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल, आपल्या माहेरापर्यंतचा. समुद्रावरून ती कधी उडालेली नव्हती.

पैशासाठी तिने अनेकांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी नकार दिला. अखेर नागरी विमान वाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिची गाठ तेलसम्राट लॉर्ड वेकफील्ड यांच्याशी घालून दिली. (हे ब्रँकर त्याच वर्षी ऑक्टोबरात आर-१०१ या महाकाय हवाई जहाजातून भारताकडे येत असताना फ्रान्समध्ये अपघातात गेले.) निम्मे पैसे वेकफील्डनी दिले, निम्मे वडिलांनी, आणि ६०० पौंडांना एक जुने जिप्सी मॉथ विमान विकत घेतले गेले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि वर उघडी बैठक. ऊन, पाऊस, वाळू, सगळे थेट अंगावर. तिने त्याला हिरवा रंग दिला आणि नाव ठेवले जेसन. ग्रीक पुराणातल्या साहसी वीराचे हे नाव आहे म्हणून अनेकांनी तिच्या रसिकतेचे कौतुक केले. खरे तर ते वडिलांच्या मासळीच्या पेढीचे व्यापारचिन्ह होते.

आता प्रश्न होता मार्गाचा. दोन शहरांमधले अंतर ही ठाम गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. शाळेच्या भूगोलात ते तसे असतेही. पण उडणाऱ्याला अंतर ठरवून देते ती त्याची इंधनाची टाकी. लंडन-डार्विन सरळ दोरा मॉस्कोजवळून, कझाकस्तानवरून, पश्चिम चीनवरून आणि दक्षिण चिनी समुद्रावरून जातो. १९३० साली त्या वाटेवर एका चिमुकल्या विमानाला पेट्रोल कुणी द्यायचे, रात्रीचा आसरा कुणी द्यायचा? जिथे मैदान आहे, पेट्रोलचे डबे आधी पोहोचवता येतात, आणि जिथून दिवसाउजेडी पुढच्या मैदानापर्यंत जाता येते, तीच वाट. ती बहुतांशी ब्रिटिश साम्राज्याच्या आणि डचांच्या वसाहतींच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जात होती. हे चार हजार जादा किलोमीटर आले ते इथून.

तरीही अ‍ॅमीने त्यातल्या त्यात अंतर वाचवले. तिच्या आधीचे वैमानिक सहसा इटली, भूमध्य समुद्र, उत्तर आफ्रिका असा वळसा घालून बगदादकडे जात. तिने नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो असा जवळचा मार्ग आखला. फूटपट्टीला डोंगर दिसत नाहीत. वाटेत टॉरस पर्वताची रांग होती, आणि तिचे विमान फार उंच जाऊ शकणारे नव्हते.

५ मे १९३० च्या सकाळी क्रॉयडन विमानतळावर तिला निरोप द्यायला वडील आणि मोजकी ओळखीची माणसे होती. आदल्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली होती आणि त्याच दिवशी त्यांना पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात आणले जात होते. जगाचे लक्ष असलेच तर तिकडे होते. जादा इंधनटाक्यांनी विमान इतके जड झाले होते, की पहिल्या धावेत ते जमिनीवरून सुटेना. दुसऱ्या खेपेला ते उडाले. विमानाला बाहेरून दोरीने एक जादा पंखा बांधलेला होता. जवळ हत्यारांची पेटी, मच्छरदाणी, पिस्तूल. बिनतारी यंत्र नाही, हवामानाचा अंदाज सांगणारे कुणी नाही. खाली पाहायचे, नकाशा पाहायचा, आणि होकायंत्रावर भरवसा ठेवायचा.

दहा तासांनी व्हिएन्ना. दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल. रोजचा क्रम असा : आठ-दहा तास उडायचे, उतरायचे, पेट्रोल कातड्याच्या फडक्यातून गाळून टाक्या भरायच्या, इंजिन तपासायचे, प्लग साफ करायचे, दोन-तीन तास झोपायचे आणि पहाटे पुन्हा निघायचे. इथे दुसरा परवाना कामी येत होता. टॉरस पर्वतात ढगांनी तिला गाठले. खालचा रेल्वेमार्ग दिसेनासा झाला आणि कड्याला पंख घासता घासता ती वाचली. अलेप्पोहून बगदादकडे जाताना वाळूच्या वादळाने विमान खाली दाबले. काही दिसत नसताना ती वाळवंटात उतरली, वारा विमान उलथवू नये म्हणून चाकांमागे सामान रचले, इंजिन झाकले आणि हातात पिस्तूल घेऊन वादळ थांबण्याची वाट पाहत बसली. कुठून तरी कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते.

सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला उतरली. हिंकलरपेक्षा दोन दिवस आधी. तोवर जी एक हौशी टंकलेखिका होती, ती एका रात्रीत बातमी झाली. लंडनच्या वर्तमानपत्रांनी कराचीकडे तारा सोडल्या. योगायोग पाहा : त्याच मे महिन्यात आगाखानांनी लावलेल्या पाचशे पौंडांच्या बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर लंडनहून कराचीकडे, दोघेही एकेकटे, अशाच जिप्सी मॉथमधून उडत होते. ती पैज अस्पीने जिंकली. हेच पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. कराची तेव्हा खऱ्या अर्थाने आकाशातला रेल्वे जंक्शन होती. १९२९ च्या मार्चपासून इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली होती, तिला सात दिवस लागत आणि भाडे होते १३० पौंड.

११ मे रोजी कराचीहून अलाहाबादला एका दमात जायचे ठरले होते. समोरून वारा होता. वारा समोरून असला, की नकाशावरचे अंतर तेवढेच राहते आणि पेट्रोलचे अंतर वाढत जाते. अलाहाबाद दिसेना आणि टाकीचा तळ दिसू लागला, तेव्हा खाली दिसलेल्या पहिल्या मोकळ्या जागेवर तिने जेसन उतरवले. ते झाशीच्या छावणीतले कवायतीचे मैदान होते. सैनिकांची पांगापांग झाली, विमान बराकींच्या दिशेने घसरत गेले आणि एका पंखाला इजा झाली. मोटारीतून उतरावे तशी एक थकलेली, उन्हाने भाजलेली मुलगी त्यातून उतरलेली पाहून त्या शिपायांना काय वाटले असेल! स्थानिक कारागिरांनी रात्रीतून पंख दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादला पेट्रोल भरून कलकत्त्याला पोहोचली. गांधीजींच्या अटकेने देश पेटलेला होता, सोलापुरात त्याच आठवड्यात लष्करी कायदा पुकारला गेला. अ‍ॅमीला या कशाचाही स्पर्श झाला नाही. उंचावरून जाणाऱ्याला खालचा देश बहुधा पेट्रोलच्या डब्याएवढाच दिसत असावा.

कलकत्त्यापर्यंत ती हिंकलरच्या पुढे होती. विक्रम गेला तो रंगूनला. १३ मे रोजी मुसळधार पावसात तिला घोडदौडीचे मैदान सापडेना. ती इन्सीन येथील तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली. मैदान आखूड होते. विमान पुढे जाऊन चरात घुसले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख्याचे तुकडे झाले. दोरीने बांधून आणलेला जादा पंखा आता लागला. तंत्रशाळेचे शिक्षक आणि विद्यार्थी कामाला जुंपले. पंखाला लावायला कापड हवे होते. महायुद्धानंतर विमानांचे उरलेले कापड कुणी तरी स्वस्तात घेऊन त्याचे सदरे शिवले होते, ते सदरे उसवून पुन्हा विमानाच्या पंखावर चढवले गेले. यात तीन दिवस गेले. रंगूनहून ती निघाली तेव्हा हिंकलरला गाठणे अशक्य झाले होते.

इथे थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जेसनचा वेग ताशी १३०-१३५ किलोमीटर धरला, तर १८ हजार किलोमीटरना १३५ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे साडेपाच-पावणेसहा दिवस. साडेएकोणीस दिवसांतले उरलेले जवळजवळ चौदा दिवस ती जमिनीवर होती. पंख शिवत, पेट्रोल गाळत, पाऊस थांबण्याची वाट पाहत, रात्र सरण्याची वाट पाहत. आपण प्रवासाचा वेळ विचारतो तेव्हा वेगाचा विचार करतो. अ‍ॅमीच्या प्रवासात वेग हा किरकोळ भाग होता; वेळ गेला तो दुरुस्तीत.

बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावात पावसाने पुन्हा खाली उतरवले, ते एका उसाच्या मळ्यावर. तिथे घर बांधण्यासाठी रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी खालच्या पंखांना भोके पाडली. त्यांवर जखमेला लावायच्या चिकटपट्ट्या लावून ती पुढे निघाली. तिमोर बेटावर एका आडगावी उतरल्यामुळे दिवसभर तिचा ठावठिकाणा कळला नाही आणि इकडे ती हरवल्याच्या बातम्या छापल्या गेल्या. शेवटचा टप्पा तिमोर समुद्राचा, सुमारे आठशे किलोमीटर नुसते पाणी. मध्ये एक तेलवाहू जहाज तिच्यासाठी लक्ष ठेवून उभे केले होते. २४ मे १९३० च्या दुपारी जेसन डार्विनला उतरले. त्या दिवशी साम्राज्य दिन होता, गावाला सुटीच होती. हिंकलरपेक्षा चार दिवस उशिरा.

लोकांनी ते चार दिवस विचारात घेतले नाहीत. हुकलेल्या विक्रमापेक्षा सदऱ्यांचे ठिगळ आणि चिकटपट्ट्या लावलेल्या पंखांनी जास्त परिणाम साधला असावा. तारांचा पाऊस पडला. डेली मेल या वर्तमानपत्राने तिच्याशी १० हजार पौंडांचा करार केला. ऑस्ट्रेलियाभर सत्कार सुरू झाले. पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला उतरताना मैदान संपले तरी विमान थांबेना आणि ते उलटे झाले. तिला फारसे लागले नाही, पण थकवा किती होता ते सगळ्यांना दिसले. पुढचा दौरा तिने दुसऱ्यांच्या विमानांतून प्रवासी म्हणून केला. ऑगस्टमध्ये ती परतली तेव्हा क्रॉयडनपासून लंडनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लाखो माणसे उभी होती. जाताना निरोपाला मोजकी माणसे होती. काही आठवड्यांत तिची प्रकृती ढासळली आणि वर्तमानपत्राने आखलेला इंग्लंडचा दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

नोकरीसाठी नाव कमवायचे म्हणून ती निघाली होती. नाव मिळाले, नोकरी नाही. आता तिचा धंदा झाला नाव टिकवण्याचा, आणि ते टिकवायचा एकच मार्ग होता : कुठल्या तरी दोन शहरांमधला वेळ आणखी काही तासांनी कमी करायचा. १९३१ च्या जुलैत ती जॅक हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन लंडनहून टोकियोला गेली. पहिल्याच दिवसात, २१ तासांत, त्यांनी मॉस्को गाठले. असे आजवर कुणी केले नव्हते. तिथून सायबेरिया ओलांडून विक्रमी वेळेत जपान.

१९३२ च्या जुलैत तिने जिम मोलिसन या स्कॉटिश वैमानिकाशी लग्न केले. दोघांच्या भेटीनंतर आठेक तासांत, विमानातच, त्याने मागणी घातल्याचे सांगतात. मोलिसन धाडसी होता, देखणा होता, आणि भरपूर दारू पीत असे. त्या वर्षी मार्चमध्ये त्याने लंडन ते केप टाउन हा विक्रम केला होता. नोव्हेंबरात त्याच्या नव्या नवरीने तो मोडला : ४ दिवस ६ तास ५४ मिनिटे. नवऱ्यापेक्षा दहा तासांहून अधिक आधी. वर्तमानपत्रांना हे फार आवडले. घरात ते किती आवडले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९३३ मध्ये दोघे मिळून अटलांटिक ओलांडायला निघाले. वेल्सच्या वाळूवरून उडून ३९ तास ते हवेत होते. महासागर पार झाला, अमेरिकेचा किनारा आला, न्यूयॉर्क शंभरएक किलोमीटरवर राहिले आणि पेट्रोल संपत आले. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला रात्री उतरताना विमान दलदलीत कोसळले. दोघेही जखमी झाले, आणि स्मरणचिन्हांसाठी लोकांनी त्या विमानाचे तुकडे पळवले.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंड ते मेलबर्न अशी मोठी शर्यत झाली. मोलिसन दांपत्य द हॅविलँड कॉमेट या नव्या दोन इंजिनांच्या विमानातून सर्वांच्या पुढे सुटले. इंग्लंड ते बगदाद एका दमात, आणि कराचीला बावीस तासांच्या आसपास. चार वर्षांपूर्वी याच कराचीला ती सहाव्या दिवशी पोहोचून कौतुकाला पात्र झाली होती. पण कराचीनंतर वाट चुकली. रात्रीच्या अंधारात भटकून ते जबलपूरला उतरले. विमानाचे पेट्रोल तिथे नव्हते. बसगाड्यांसाठीचे पेट्रोल भरून ते निघाले आणि त्या इंधनाने इंजिने बिघडली. अलाहाबादला शर्यत संपली. झाशी, जबलपूर, अलाहाबाद : मध्य हिंदुस्थानाने तिला दोनदा अडवले. शर्यत जिंकणाऱ्या स्कॉट आणि कॅम्बेल ब्लॅक यांनी १८ हजार किलोमीटरहून अधिक असलेली मेलबर्नपर्यंतची वाट ७१ तासांत कापली. ते रात्रीही उडत होते.

आणि आता ती वाट वीरांचीही राहिली नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणले आणि लंडनचे पत्र मुंबईला आकाशमार्गे येऊ लागले. १९३५ च्या एप्रिलपासून लंडनहून ब्रिस्बेनला तिकीट काढून कुणीही जाऊ शकत होता. साडेबारा दिवस, १९५ पौंड, मधला काही भाग रेल्वेने. सामान्य प्रवासी पैसे मोजून अ‍ॅमीपेक्षा आठवडाभर आधी ऑस्ट्रेलियाला पोहोचत होता.

१९३६ च्या मे महिन्यात तिने केप टाउनचा विक्रम पुन्हा आपल्याकडे घेतला : ३ दिवस ६ तास २६ मिनिटे. तो तिचा शेवटचा विक्रम. १९३५ ते १९३७ या काळात ती स्त्री-अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेची अध्यक्ष होती. १९३८ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचे नाव परत घेतले. पैसा आटला होता. १९३९ च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलंटच्या सामुद्रधुनीपलीकडे आइल ऑफ वाइटला प्रवासी नेणाऱ्या विमानावर वैमानिक म्हणून रुजू झाली. काही मिनिटांचे ते उड्डाण. दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिला हवी होती ती नोकरी दहा वर्षांनी मिळाली ती अशी.

मग युद्ध आले. कारखान्यातून तयार झालेली किंवा दुरुस्त झालेली लष्करी विमाने तळांवर नेऊन पोहोचवण्यासाठी एक सहायक दल उभारले होते, त्यात स्त्रियांनाही घेत. अ‍ॅमी १९४० मध्ये त्यात दाखल झाली. इथे विक्रम नव्हते, नावही नव्हते. वेळेवर, विमान न मोडता पोहोचायचे एवढेच. गोपनीयतेपायी ही विमाने बिनतारी संपर्काशिवाय न्यावी लागत. म्हणजे पुन्हा जेसनसारखेच : खाली पाहा, नकाशा पाहा.

५ जानेवारी १९४१. स्कॉटलंडच्या प्रेस्टविकहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला एक एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान न्यायचे होते. आदली रात्र तिने वाटेत ब्लॅकपूलला बहिणीच्या घरी काढली. सकाळी हवा वाईट होती. दुपारी बाराला दहा-अकरा मिनिटे कमी असताना ती उडाली. ब्लॅकपूल ते किडलिंग्टन हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. तासाभराचा मामला.

साडेतीन तासांनी, किडलिंग्टनपासून दीडशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, थेम्स नदीच्या मुखाशी हर्न बे गावासमोर, एका जहाजांच्या ताफ्यातील खलाशांना ढगांतून हवाई छत्री उतरताना दिसली. विमान पाण्यात पडले. एचएमएस हॅझलमिअर हे जहाज वळले. लाटा उंच होत्या, बर्फ पडत होते, पाणी गोठवणारे. दोर फेकले गेले, तिच्या हाती लागले नाहीत. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः पाण्यात उडी घेतली. त्यांना बाहेर काढले तेव्हा ते बेशुद्ध होते. थंडीने त्यांचा मृत्यू झाला. अ‍ॅमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. पाण्यावर तरंगणारी तिची पिशवी आणि कागदपत्रे हाती आली, त्यावरून ती कोण हे कळले.

बहुतेकांचे मत असे, की दाट ढगांच्या थरावर ती अडकली, खाली उतरायला फट शोधत पूर्वेकडे सरकत राहिली आणि पेट्रोल संपत आल्यावर तिने उडी टाकली. आपण जमिनीवर उतरू असे तिला वाटले असेल. आपल्याच तोफांनी तिचे विमान पाडले, असा दावा १९९९ मध्ये एका निवृत्त सैनिकाने केला. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

युद्ध संपल्यावर, १ डिसेंबर १९४७ रोजी, क्वांटासची सिडनी-लंडन सेवा कॉन्स्टेलेशन विमानांनी सुरू झाली. त्या प्रवासाला चार दिवस लागत आणि वाटेत एक थांबा कलकत्ता हा होता, एक कराची.

जेसन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. हिरवा रंग, रुपेरी अक्षरे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते नऊ मीटर भरते.